श्रवणाचें नवें सोंवळें

ग्रंथाचें परीक्षण करावें, नाट्यप्रयोगाचें करावें, एखाद्या गवयाच्या बैठकीचेंही करावें. परंतु कोणी गाणें कसें ऐकतो याचें परीक्षण करण्याची चाल आमच्याकडे नाहीं. श्रोता हा नेहमींचा पंच. त्यालाच उठवून त्याची झडती घेणें पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. तथापि अलीकडे मध्यम स्थितींतील सुशिक्षित घरांतून एक नवीन प्रकारचा श्रोता निपजला आहे, आणि तो ऐकण्याच्या कामीं इतका पैसा, इतका वेळ व इतकी चिकित्सा खर्च करीत आहे कीं, त्याच्या ऐकण्याला आतां एका स्वतंत्र कलेचा डौल आला आहे. कलेचा मान जो मागतो त्यानें टीकेलाही तयार असलें पाहिजे. म्हणून सांगलीस आमच्या एका स्नेह्यांच्या माडीवर गेल्या पावसाळ्यांत आम्हीं जें पाहिलें आणि ऐकलें, त्याचा हा परामर्श वाचकांपुढें ठेवीत आहों.

हे आमचे स्नेही हळदीच्या व्यापारांत तीस वर्षें घालवून, दुकान मुलांच्या हातीं सोंपवून मोकळे झालेले गृहस्थ आहेत. घर गांवभागांत, कृष्णेपासून फार दूर नव्हे. माडीवरच्या खोलींत एक आरामखुर्ची, तिच्या उजव्या हाताशीं एक शिसवी मेज आणि त्या मेजावर त्यांचा सगळा संसार. संगणकांत सांठविलेलें गाणें आंकड्यांच्या रूपांत असतें. त्या आंकड्यांचें पुन्हां विजेच्या लहरींत रूपांतर करणारी एक चपटी पेटी, जिला हे लोक ‘डॅक’ म्हणतात. शेजारीं त्या क्षीण लहरींना बळ देणारा, काचेच्या नळ्यांचा, लागला म्हणजे देवघरांतल्या निरांजनासारखा तांबूस उजळणारा ॲम्प्लिफायर. आणि लांकडी खुंट्यांवर टांगलेले दोन हेडफोन. एक सेनहायझरचा एच्‌डी ६००, १९९७ सालीं निघालेला व अद्याप या पंथांत प्रमाण मानला जाणारा. त्याचा विद्युत्‌रोध ३०० ओहम असल्यामुळें खिशांतल्या फोनच्या जिवावर तो मनासारखा हालत नाहीं. त्यासाठींच तो ॲम्प्लिफायर. दुसरा जपानच्या स्टॅक्स कंपनीचा, पुण्याच्या एका समानधर्म्याकडून महिन्याच्या बोलीवर आणलेला. त्यांत कागदाचा पडदा नाहीं कीं तारेचें वेटोळें नाहीं. दोन जाळ्यांच्या मध्यें केसाहून कितीतरी पातळ असा पापुद्रा ५८० व्होल्टांच्या दाबानें भारून ताणलेला असतो, आणि तोच हालून आवाज करतो. हें ऐकल्यावर तो कानांना लावतांना आमचा हात किंचित् कांपला, हें कबूल केलें पाहिजे.

ऐकावयास बसण्यापूर्वीं पंखा बंद होतो. फोन खणांत जातो. कानांवर बसणाऱ्या गाद्या मऊ फडक्यानें पुसल्या जातात. जिन्याचें दार लोटून घेतलें जातें व खालीं सूनबाईंस निरोप जातो कीं, आतां अर्धा तास कोणी वर येऊं नये. आमच्या आजोबांच्या पूजेचें सोंवळें आम्हांस आठवलें. फरक इतकाच कीं, आजोबांच्या पूजेची घंटा सगळ्या घराला ऐकूं येई.

या यंत्राचा पूर्वेतिहास थोडक्यांत सांगण्याजोगा आहे. अमेरिकेंतील नथॅनिएल बाल्डविन यानें १९१० च्या सुमारास युटा प्रांतांतील आपल्या घराच्या स्वयंपाकघरांत बसून कानांचीं यंत्रें बनविलीं व तीं तेथील आरमारास विकलीं. म्हणजे आरंभीं हें साधन तारायंत्र्यांचें होतें, रसिकांचें नव्हे. संगीत ऐकण्यासाठीं दोन्ही कानांना निरनिराळा आवाज पुरविणारा हेडफोन जॉन कॉस यानें १९५८ त बाजारांत आणला. १९६८ त सेनहायझरचा एच्‌डी ४१४ निघाला. त्याची पाठ उघडी होती, आवाज बाहेरही झिरपे, आणि म्हणूनच तो कोंडल्यासारखा वाटत नसे. पुढें १९७९ त सोनी कंपनीच्या वॉकमननें हेडफोन रस्त्यावर आणला. आज माडीवर चाललेला हा व्यवहार म्हणजे रस्त्यावर गेलेल्या त्या वस्तूला पुन्हां घरांत आणून पाटावर बसविण्याचा प्रकार आहे.

आतां गाण्याकडे वळूं. आमच्या स्नेह्यांनीं प्रथम लावली ती खाँसाहेब अब्दुल करीमखाँ यांची झिंझोटींतील ठुमरी. निवड स्वाभाविक होती. खाँसाहेब जन्मानें कैराण्याचे, १८७२ सालचे. परंतु त्यांची माती मिरजेची. २७ ऑक्टोबर १९३७ रोजीं दक्षिणेंतील सिंगपेरुमाळ कोविल स्टेशनावर त्यांनीं देह ठेविला आणि तेथून त्यांस मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत मूठमाती दिली. या बाजूच्या माणसाला हा आवाज घरचा आहे. आम्हींही तो रेडिओवर, उरुसांतल्या कर्ण्यावर, एकदां तर लग्नाच्या मांडवांतही ऐकलेला. म्हणून नवीन कांहीं कानीं पडेल अशी आमची अपेक्षा नव्हती.

ती चुकीची ठरली. पहिली गोष्ट ध्यानांत आली ती श्वासाची. खाँसाहेब श्वास कोठें घेतात हें आम्हांस आजपर्यंत कळलेंच नव्हतें. तो इतका लपून घेतलेला असतो कीं, स्वर तुटला असें न वाटतां स्वर जरा वळला असें वाटतें. दुसरी गोष्ट, षड्जाचा लगाव. त्या आवाजाचा हळवेपणा सर्वांस ठाऊक आहे, पण हळवेपणाच्या आंत केवढी कडक शिस्त आहे तें कर्ण्यावर कळत नाहीं. स्वर लागला कीं त्याचा कांठ जराही फाटत नाहीं; तो बारीक होत होत नाहींसा होतो, आणि नाहींसा होईपर्यंत सुरांतच असतो. आम्ही जिला खाँसाहेबांची नाजुकाई समजत होतों ती पुष्कळ अंशीं जुन्या कर्ण्याची अशक्ति होती, असें त्या तीन मिनिटांत आमचें मत झालें. गायकाविषयींचें पन्नास वर्षांचें मत बदलावें हें एखाद्या यंत्राचें लहानसहान यश नव्हे. तें आम्ही मोकळ्या मनानें त्याच्या पदरांत टाकतों.

परंतु याच तीन मिनिटांत दुसरेंही कांहीं घडलें. खाँसाहेब आमच्या पुढें बसलेले नव्हते. ते आमच्या कपाळाच्या मागें कोठें तरी गात होते. ही आमची कविकल्पना नव्हे. जे हेडफोन लावतात त्या सर्वांचा हा अनुभव आहे आणि त्याचें कारणही स्पष्ट आहे. खोलींत गाणारा माणूस डावीकडे बसला असेल तर त्याचा आवाज डाव्या कानांत आधीं व मोठा आणि उजव्या कानांत किंचित् उशिरां व लहान पोंचतो; मान हालविली कीं हें अंतर बदलतें; शिवाय कानाची पाळी व तिच्या वळ्या आवाजाला दिशेप्रमाणें वेगवेगळा मुरडतात. एवढ्या खुणांवरून मेंदू गायकाची जागा ठरवितो. हेडफोनमध्यें या खुणांचा लोप होतो. मान वळवा, गवई मानेबरोबर वळतो! ७८ फेऱ्यांच्या तबकडींत तर आवाज मुळांत एकच. तो दोन्ही कानांना सारखाच मिळाल्यामुळें डोक्याच्या बरोबर मध्यावर येऊन बसतो. बैठकींत आम्ही गवयाच्या सन्मुख असतों. येथें गवई आमच्या आंत असतो. हा फरक सुखाचा कीं दुःखाचा हें ज्याचें त्यानें ठरवावें. आम्हांस पहिल्यानें सुख झालें आणि दहा मिनिटांनीं थोडी भीति वाटली.

याच्या पुढचा मुद्दा तंबोऱ्याचा, आणि तो या प्रांतीं तरी घाईनें उरकतां येणार नाहीं. मिरजेस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतारी व तंबोरे होत आले आहेत. हत्यारांना पाणी देणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब प्रभृतींनीं हा धंदा आरंभिला, आणि आजही त्यांच्या वंशजांच्या दुकानांतून पंढरपुराकडचे भोपळे छपराला टांगलेले दिसतात. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. तंबोऱ्याचा सारा जीव जवारींत आहे. घोडीचा माथा कानशीनें असा घांसावयाचा कीं, तार तिच्यावर सपाट न बसतां निसटती टेंकावी. मग तारेखालीं सुताचा धागा सरकवून योग्य जागा सांपडली कीं एका तारेंतून स्वरांचा गुच्छ उमलूं लागतो. शास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर मूळ स्वरापेक्षां त्याच्या वरच्या पटींतील उपस्वर तेथें जोर धरतात, आणि गवयाला गंधाराचा भास होतो तो त्यांतूनच.

हे उपस्वर बारीक असतात, उंच असतात, आणि जुन्या ध्वनिमुद्रणांत तबकडीच्या खरखरीच्या अगदीं शेजारीं राहतात. आमच्या सगळ्या परीक्षणाची किल्ली येथें आहे. जुनी तबकडी आंकड्यांत उतरवून घेणारा कारागीर खरखर काढूं लागला कीं तिच्याबरोबर जवारीही काढतो. आमच्या स्नेह्यांनीं त्याच ठुमरीच्या तीन निरनिराळ्या उतरवण्या आम्हांस ऐकविल्या. एकींत खरखर भरपूर होती, पण तिच्या आड तंबोरा जिवंत होता. दुसरींत खरखर निम्मी. तिसरी अगदीं स्वच्छ, शहाबादी फरशीसारखी. तिच्यांत खाँसाहेब होते, तबला होता, आणि तंबोऱ्याच्या जागीं माशी अडकल्यासारखी कसली तरी गुणगुण होती. या पंथांतील नवशिके ही तिसरी उतरवणी पसंत करतात असें आमचे स्नेही म्हणाले. पसंत करणारच, हजारों रुपये खर्चून जो स्वच्छता विकत घेतो त्याला खरखर म्हणजे अपमान वाटतो. परंतु करीमखाँसाहेबांसारखा, स्वतःचे तंबोरे स्वतः मिळवणारा व वाद्यांची दुरुस्ती आपल्या हातानें करणारा गवई ऐकावयाचा आणि त्याच्या पाठीमागचा तंबोरा पुसून टाकावयाचा, यांत रसिकता कोणती?

गति हा त्याहूनही गंभीर प्रश्न आहे. ७८ हा आंकडा रूढ होण्यापूर्वींच्या तबकड्या निरनिराळ्या वेगानें कोरलेल्या असत. मिनिटास चारपांच फेऱ्यांचा फरक पडला तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वरानें सरकतो, लय बदलते, आणि गवयाचा गळाही बदलतो: खर्जाचा माणूस किनरा होतो. खाँसाहेबांच्या १९०५ च्या सुमाराच्या, म्हणजे कर्ण्यांत तोंड घालून गाइलेल्या, तबकड्यांच्या आज मिळणाऱ्या उतरवण्या परस्परांशीं जुळत नाहींत. तेव्हां ज्या गृहस्थानें तारेची जात बदलून आवाजांत काय फरक पडतो यावर तासभर वाद घातला, त्यानें आपण ऐकत आहों तो गळा मुळांत त्या गायकाचा आहे काय, हें आधीं विचारावयास नको काय? यंत्राच्या शेवटच्या टोंकाला शंभर डोळ्यांनीं पहावयाचें आणि पहिल्या टोंकाकडे पाठ करावयाची, ही या पंथाची मोठी उणीव आहे. आमच्या स्नेह्यांस ती बोलून दाखविली, तेव्हां त्यांनीं मुकाट्यानें खणांतून एक स्वरनळी काढून दाखविली. ते आपल्या तबकड्यांची गति तिच्याशीं ताडून पहातात. असे लोक या पंथांत विरळा.

मापानें स्वर पकडण्याची ही हौस सांगलीला नवी आहे असें मात्र कोणी समजूं नये. येथील निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं तारेची लांबी मोजून बावीस श्रुतींचा हिशेब बसविण्याचा ध्यास घेतला होता. त्यांचें पुस्तक १९१० त निघालें. इंग्रज न्यायाधीश ई. क्लेमंट्स त्यांस मिळाले; दोघांच्या पुढाकारानें फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया उभी राहिली; लंडनच्या मूर अँड मूर या पेढीकडून श्रुतींची पेटी तयार करवून घेण्यांत आली. आणि प्रयोगासाठीं गळा कोणाचा घेतला? अब्दुल करीमखाँसाहेबांचाच. १९१६ सालीं बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हां ही पेटी परीक्षेस उतरली. तेथें जमलेल्या पंडित भातखंडे प्रभृति जाणत्यांस ती पटली नाहीं. गवई प्रत्यक्ष गातांना जो कोमल ऋषभ लावतो तो रागागणिक, इतकेंच नव्हे तर आरोह-अवरोहागणिक, हालता असतो. पेटींतील ऋषभ एके ठिकाणीं खिळलेला.

देवलांचा उपहास करण्याची आज फॅशन आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. मोजावयास निघालेला माणूस निदान लक्षपूर्वक ऐकतो. आणि खाँसाहेबांसारख्या गायकानें त्यांच्या प्रयोगास आपला गळा दिला, तो कांहीं तरी जाणूनच. देवलांची चूक मोजण्यांत नव्हती. मोजून काढलेला आंकडा त्यांनीं गवयाला परत शिकवूं पाहिला, तेथें ती होती.

हीच चूक माडीवरच्या नव्या श्रोत्यांकडून दुसऱ्या रूपानें होते. हेडफोनचा आवाज कसा असावा याचा एक आदर्श आलेख आज जगभर मानला जातो. २०१२-१३ च्या सुमारास अमेरिकेंतील हार्मन कंपनीच्या शॉन ऑलिव्ह व टॉड वेल्टी या संशोधकांनीं पुष्कळ श्रोत्यांस निरनिराळे आवाज ऐकवून, त्यांना काय रुचतें यावरून तो बसविला. त्यांत शास्त्र आहे. कानाच्या पोकळीमुळें तीन हजार आंदोलनांच्या आसपासचा आवाज आपल्याला स्वभावतःच मोठा पोंचतो. हेडफोननें ती पोकळी बुजविली कीं तो उठाव यंत्रानें भरून द्यावा लागतो, नाहीं तर गाणें गोधडीखालून आल्यासारखें वाटतें. येथपर्यंत कोणाचा वाद नाहीं. परंतु खालच्या, म्हणजे खर्जाच्याही खालच्या भागांत त्या आलेखाला जो फुगवटा आहे, तो बह्वंशीं ज्या संगीतावर तो ठरविला त्या संगीताच्या आवडीचा आहे. ढोल आणि विजेची गिटार ज्यांच्या कानांत मुरली आहेत त्यांची ती रुचि. तो फुगवटा खाँसाहेबांच्या तबकडीला लावला तर काय होतें? तबकडीच्या चात्याची घरघर तेवढी वाढते. तेव्हां आमच्या स्नेह्यांनीं तो आलेख भिंतीवर चिकटवून ठेविला आहे तो खुशाल राहूं द्यावा, पण त्याच्या शेजारीं एक मिरजेचा तंबोरा टांगावा, आणि रोज ऐकावयास बसण्यापूर्वीं दोन मिनिटें त्याच्या तारा छेडून मग हेडफोन चढवावा, अशी आमची त्यांस सूचना आहे. मोजमाप कोणतें आणि वस्तु कोणती, याचा घोंटाळा तरी होणार नाहीं.

भाषेविषयीं एक शब्द. ‘गाणें कसें वाटलें?’ असें आम्हीं एका ठुमरीनंतर विचारलें, तर आमच्या स्नेह्यांच्या तोंडून प्रथम उत्तर आलें तें असें: ‘बास जरा उबदार आहे, पण ट्रेबल थोडा कोरडा लागतो.’ आम्ही दोघेही हंसलों. त्यांनाही तें समजलें. हे शब्द बाहेरून आलेले आहेत व यंत्राच्या तुलनेसाठीं ठीकही आहेत. परंतु ज्या भाषेंत लगाव, घुमारा, आंस, जवारी असे शब्द आहेत, त्या भाषेच्या श्रोत्यानें ते मोडींत काढून ‘उबदार’वर भागवावें याचें वाईट वाटतें. आवाजाला आंस आहे कीं नाहीं, म्हणजे स्वर सोडल्यावरही तो रेंगाळतो कीं नाहीं, ही हेडफोनची याहून चांगली कसोटी कोणती असणार? या एका कसोटीवर स्टॅक्स आम्हांस श्रेष्ठ वाटला. तबल्याच्या बांयाचा घुमारा मात्र सेनहायझरवर अधिक भरला. पैशाच्या मानानें पहातां स्टॅक्सची बढती आम्हांस पटत नाहीं.

आतां या प्रकारावरचा नेहमींचा आक्षेप, कीं हेडफोननें मैफल मोडली, माणूस एकलकोंडा झाला. १८४३ त विष्णुदास भाव्यांनीं जेथें नाटक उभें केलें त्या गांवांत हा आक्षेप जोरानें घेतला जावा हें स्वाभाविक आहे. परंतु तो आम्हांस अर्धाच खरा वाटतो. मैफल मोडली ती १९०२ सालीं, फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास येऊन गौहरजानचें गाणें मेणाच्या तबकडींत घेऊन गेला तेव्हां. त्या दिवसापासून गवई कर्ण्याला गाऊं लागला, आणि ‘वाहवा’ म्हणणारा श्रोता त्याच्या समोरून उठला. हेडफोन ही त्या प्रवासाची शेवटची पायरी. पहिलीवर जे रडले नाहींत त्यांनीं शेवटचीवर रडण्यांत अर्थ नाहीं.

शिवाय मैफलींत कोण बसत असे, हेंही विचारलें पाहिजे. आमच्या आजीनें करीमखाँसाहेब ऐकले ते शेजारच्या वाड्याच्या माजघरांतून, भिंतीआडून. तिला समेची जागा कळे, मान डोलावयाची नाहीं एवढें तिला शिकविलेलें होतें. तिच्या पिढीच्या कितीतरी जाणत्या बायकांचें गाणें ऐकणें असेंच चोरटें झालें. फोनो आणि रेडिओ घरांत आले तेव्हां भिंत पडली, पण घर तें घरच. काय लावावयाचें हें ठरविणारा हात वेगळा. आमच्या स्नेह्यांच्या सूनबाई खालच्या मजल्यावर, सगळे निजल्यावर, साधा स्वस्त हेडफोन लावून अर्धा तास केसरबाई ऐकतात. हें आम्हांस निघतांना, तेंही सहज बोलण्यांत, कळलें. ‘रात्रीं साडेदहा ते अकरा कोणी कांहीं मागत नाहीं,’ असें त्या म्हणाल्या. त्यांच्या हेडफोनला ॲम्प्लिफायर नाहीं आणि त्यांना आलेखही ठाऊक नाहीं. पण केसरबाईंची तान कोणत्या जागीं दम न मोडतां दुप्पट लांबते, हें त्यांनीं आम्हांस बोटांवर मोजून दाखविलें. वर ज्याला आम्हीं सोंवळें म्हटलें त्याचा खालच्या मजल्यावर असा निराळाच अर्थ आहे. वरच्या मजल्यावर जिन्याचें दार लोटून मिळणारा एकांत या घरांत एकाच माणसाच्या हक्काचा. खालीं तो दोन कानांपुरता मिळतो, आणि तेवढा मिळावा म्हणून एवढेंसें यंत्र पुरतें.

म्हणून एकांतावर आमचा रोष नाहीं. आमचा रोष आहे तो उतावळेपणावर. या पंथांतील पुष्कळ लोक गाणें अर्ध्या मिनिटाहून अधिक ऐकतच नाहींत: एक हेडफोन काढला, दुसरा चढविला, पुन्हां तेंच अर्धें मिनिट. चीज अस्ताईवरच थांबते, अंतऱ्याला त्यांच्या दारांत यावयास परवानगी नाहीं! त्यांच्या संग्रहांतही निवड गाण्याची नसून ध्वनिमुद्रणाची असते. ज्या बाईचा आवाज स्वच्छ मुद्रित झाला ती थोर, आणि भास्करबुवा बखल्यांसारखा गवई गेला तो गेलाच. आपल्याकडचें उत्तम गाणें आपल्याकडच्या वाइटांत वाईट मुद्रणावर आहे, हें आपलें दुर्दैव. जो श्रोता तें सोसूं शकत नाहीं त्याचे कान चांगले असतील, पण ते आमच्या संगीताच्या उपयोगाचे नाहींत.

आमचे स्नेही या दोषांतून वांचले, त्याचें श्रेय, चमत्कारिक वाटेल, पण पुराला आहे. २०१९ च्या ऑगस्टांत आयर्विन पुलापाशीं कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली, आणि गांवभागांतल्या घराघरांत पाणी शिरलें. त्यांच्या वडिलांनीं जमविलेल्या तबकड्या तळमजल्यावरच्या कपाटांत होत्या. आठवड्यानें दार उघडलें तेव्हां पाकिटांचा लगदा झालेला, कांहीं तबकड्यांना तडे गेलेले, आणि बाकीच्या गाळांत माखून एकमेकींस चिकटलेल्या. लाख पाण्यानें विरघळत नाहीं. धुतल्यावर पुष्कळशा वांचल्या. परंतु मधले कागदी शिक्के सगळे निघून गेले होते. कोणती कोणाची, तें सांगणारें अक्षर उरलें नाहीं. चकतीच्या कडेशीं लाखेंत उठविलेले आंकडे कांहींवर वाचतां येतात, कांहींवर गाळानें व घांसण्यानें तेही बुजले.

तेव्हांपासून हे गृहस्थ त्या निनांवी तबकड्या एकेक करून लावतात, आणि हेडफोन घालून ऐकतात. जुन्या तबकड्यांत गाणें संपतां संपतां गाणारा स्वतःच आपलें नांव पुकारतो. तें खरखरीच्या पोटांत असतें. कर्ण्यावर तें ऐकूं येत नाहीं, हेडफोनवर येतें. नांव नसेल तर आवाजावरून, तोही ओळखीचा नसेल तर चिजेवरून माग काढावयाचा. वहींत त्यांनीं रकाने आंखले आहेत. पुष्कळ रकान्यांत अजून प्रश्नचिन्हें आहेत. येथें तबकडीची खरखर दोन्ही कानांत पसरते आणि आवाज मधोमध राहतो, हा हेडफोनचा दोष गुण होऊन बसतो: गोंगाट बाजूला सरतो व मध्यें उभा असलेला मनुष्य ओळखतां येतो. या वहीच्या अठ्ठेचाळीस पानांत आम्हांस त्या शिसवी मेजावरच्या सगळ्या मांडणीचें समर्थन सांपडलें. यंत्र कशासाठीं, याला तेथें उत्तर होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे मिरजेस गेलों. स्नेह्यांनीं पिशवींत सेनहायझर आणि फोनबरोबर चालणारा एक खिशांतला ॲम्प्लिफायर घेतला होता. वहींतल्या एका प्रश्नचिन्हाविषयीं त्यांना एका वृद्ध कारागिरास विचारावयाचें होतें. चाचा दुकानाच्या ओट्यावर बसून घोडीला कानस देत होते. हेडफोन त्यांच्या टोपीवरून नीट बसेना, तेव्हां त्यांनीं टोपी काढून मांडीवर ठेविली. डोळे मिटून सगळी तबकडी ऐकली, शेवटपर्यंत. तीन मिनिटें आम्ही गल्लींतल्या सायकली पहात उभे होतों.

‘कोण, ओळखलंत का चाचा?’ आमच्या स्नेह्यांनीं विचारलें.

चाचांनीं हेडफोन उतरविला, उलटून त्याची जाळी पाहिली आणि परत दिला. ‘गवई कोण तें नाही सांगता येत, काका. पण तंबोरा आमच्या गल्लीतला असावा. खर्जाची जवारी जरा जास्त उघडलीय त्याची. थोडा धागा मागं सरकवायला हवा होता.’

आणि त्यांनीं पुन्हां कानस उचलली.